थुंबा : आभाळाचा ठाव घेणाऱ्या लहान अग्निबाणांचे केंद्र

साउंडिंग रॉकेट म्हणजे वातावरणाच्या वरच्या थरांचा ठाव घेऊन येणारा लहान अग्निबाण. नावातल्या ‘साउंडिंग’चा आवाजाशी काही संबंध नाही. तो नाविकांचा शब्द आहे. दोरीला शिशाचे वजन बांधून पाण्याची खोली पाहणे, म्हणजे ठाव घेणे, हा त्याचा मूळ अर्थ. हवेच्या महासागराचाही असाच ठाव घ्यावा लागतो. शास्त्रीय उपकरणे नेणारे फुगे साधारण ४० किलोमीटरपर्यंत चढतात. उपग्रह २०० किलोमीटरच्या खाली फार दिवस तग धरत नाहीत, कारण तिथली विरळ हवाही त्यांचा वेग हळूहळू खाते. मधला सुमारे एकशे साठ किलोमीटरांचा पट्टा फुग्याच्या आवाक्याबाहेरचा आणि उपग्रहाला न मानवणारा. त्यात शिरून जागेवर मोजमाप करायचे, तर काही मिनिटे वर जाऊन परत खाली येणारा हा लहान अग्निबाणच लागतो.

भारतात हे काम ज्या संस्थेने उभे केले, ती म्हणजे केरळच्या किनाऱ्यावरील थुंबा विषुववृत्तीय अग्निबाण प्रक्षेपण केंद्र. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी तिथून पहिला अग्निबाण सुटला आणि २०२३ मध्ये त्या घटनेला साठ वर्षे पूर्ण झाली. पुढे श्रीहरिकोट्याहून उपग्रह आणि चांद्रयाने गेली, तेव्हा थुंब्याचे नाव मागे पडले. मात्र धातूच्या नळीत इंधन कसे भरावे, ते कसे पेटवावे, पेटलेली नळी सरळ कशी न्यावी आणि वरून आलेला संदेश कसा वाचावा, हे सारे भारतीय अभियंते इथेच शिकले. तेही मोठ्या यंत्रांवर नव्हे, हाताने उचलता येतील अशा अग्निबाणांवर. या उभारणीत तीन मराठी माणसांचा वाटा फार मोठा आहे : जागेच्या शोधात अग्रभागी असलेले एकनाथ चिटणीस, पहिल्या तुकडीतले प्रमोद काळे आणि इंधनाचे काम हाती घेणारे वसंत गोवारीकर.

जागा थुंब्याचीच का, याचे उत्तर पृथ्वीच्या चुंबकत्वात आहे. दोऱ्याने मधोमध टांगलेली चुंबकसूची महाराष्ट्रात किंचित खाली झुकते आणि उत्तरेकडे जावे तसा तिचा झुकाव वाढत जातो. दक्षिणेत एक रेषा अशी येते की जिच्यावर ती अगदी आडवी, समतोल राहते. हे चुंबकीय विषुववृत्त, आणि ते तिरुवनंतपुरमशेजारच्या थुंब्याजवळून जाते. त्याच्या माथ्यावर, जमिनीपासून सुमारे १०५ किलोमीटर उंचीवर, दिवसा पश्चिमेकडून पूर्वेकडे विजेचा एक अरुंद प्रवाह वाहतो. त्याला विषुववृत्तीय विद्युत्झोत म्हणतात. पेरू देशातील हुआनकायो येथील चुंबकीय नोंदींतून त्याचा सुगावा लागला आणि १९५१ मध्ये सिडनी चॅपमन यांनी त्याला नाव दिले. जमिनीवरच्या यंत्राला त्याचा परिणाम कळतो, पण झोत किती जाड आहे आणि नेमका कुठे सर्वांत तीव्र आहे, हे त्याच्या आरपार गेल्याशिवाय कळत नाही.

पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी महाराष्ट्राला नव्या नव्हत्या. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत त्या १८४१ पासून घेतल्या जात होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने सूची थरथरणार, म्हणून ते काम १९०४ मध्ये अलिबागला हलवले गेले. अलिबागच्या वेधशाळेतून ते पुढे अखंड चालू राहिले. या जुन्या परंपरेला आता आकाशात जाणाऱ्या हाताची गरज होती.

ती गरज ओळखणारे विक्रम साराभाई अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेत विश्वकिरणांचा अभ्यास करत होते. १९६२ मध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली भारतीय राष्ट्रीय अवकाश संशोधन समिती स्थापन झाली. अणुऊर्जा खात्याचे होमी भाभा त्यांच्या पाठीशी होते. समितीचे सदस्य-सचिव होते एकनाथ चिटणीस. त्यांचा जन्म २५ जुलै १९२५ चा, कोल्हापूरचा. अमेरिकेत एमआयटीमध्ये ब्रुनो रॉसी यांच्या गटात काम करून ते मायदेशी परतले होते. केरळचा किनारा पालथा घालून योग्य जागा शोधण्याच्या कामात ते आघाडीवर होते. पुढे पूर्व किनाऱ्यावर श्रीहरिकोट्याच्या शोधातही त्यांचा वाटा होता. भारतीय अवकाशकार्याच्या दोन्ही अंगणांची आखणी या कोल्हापूरच्या माणसाने केली, ही गोष्ट मराठी शाळांच्या पुस्तकांत ठळकपणे यायला हवी.

थुंबा हे कोळ्यांचे गाव. वाळू, नारळीची झाडे, किनाऱ्यावर ओढलेल्या होड्या आणि सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च. केंद्राला हवी असलेली जागा नेमकी या चर्चच्या भोवतालची होती. तिथले बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांनी रविवारच्या प्रार्थनेनंतर हा प्रश्न लोकांसमोर ठेवला आणि लोकांनी होकार दिला, अशी हकिकत ए. पी. जे. अब्दुल कलाम पुढे सांगत असत. वस्ती हलली आणि चर्चची इमारत केंद्राला मिळाली. तिच्यात कार्यालय आले, अग्निबाणाची जुळणी आली. बिशपांच्या घरातही टेबले मांडली गेली आणि गुरांच्या गोठ्यात प्रयोगशाळा थाटली गेली. देशाच्या कामासाठी आपली घरे, आपला किनारा आणि आपले देऊळ सोडून देणाऱ्या त्या मच्छीमार कुटुंबांचा उल्लेख या संस्थेच्या इतिहासात पहिल्या पानावरच व्हायला हवा. धरणांसाठी आणि खाणींसाठी गावे उठलेली पाहिलेल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला त्याची किंमत वेगळी समजावून सांगावी लागणार नाही.

माणसांची तयारीही याच सुमारास चालू होती. १९६३ मध्ये काही तरुण अभियंते आणि शास्त्रज्ञ अमेरिकेतील नासाच्या गोडार्ड आणि वॉलॉप्स बेट या केंद्रांवर प्रशिक्षणाला गेले. त्यात कलाम होते, आर. अरवमुदन होते आणि प्रमोद काळेही होते. काळे यांचा जन्म १९४१ चा, पुण्याचा. शालेय शिक्षण बडोद्यात झाले, भौतिकशास्त्राची पदवी त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून घेतली आणि नंतर ते अहमदाबादला साराभाईंच्या प्रयोगशाळेशी जोडले गेले. थुंब्याला आले तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस होते. त्या पहिल्या तुकडीतील बहुतेकांनी अग्निबाण प्रत्यक्ष पाहिला तो प्रशिक्षणातच. परतल्यावर त्यांना कोरी वाळू मिळाली आणि मदतीला परदेशातून उसनी आलेली यंत्रे.

पहिला अग्निबाण भारतीय नव्हता. नायके-अपाचे हे दोन टप्प्यांचे रॉकेट अमेरिकेने दिले होते आणि त्याच्या डोक्यात बसवलेले सोडियमच्या वाफेचे उपकरण फ्रान्सचे होते. सोव्हिएत संघाकडूनही हेलिकॉप्टर आणि संगणकाच्या रूपाने मदत मिळाली. शीतयुद्धाच्या त्या काळात परस्परांकडे संशयाने पाहणारे देश एका मच्छीमार गावात एकत्र काम करत होते. म्हणूनच २ फेब्रुवारी १९६८ रोजी तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी हे केंद्र संयुक्त राष्ट्रसंघाला समर्पित केले.

२१ नोव्हेंबर १९६३ च्या संध्याकाळी चर्चमध्ये जुळवलेला अग्निबाण ट्रकवरून प्रक्षेपकापाशी आला. तो उचलून ठेवताना क्रेनची द्रवदाबाची यंत्रणा गळू लागली. संध्याकाळची नेमकी वेळ टळण्याआधी तो सुटायलाच हवा होता, म्हणून जमलेल्या माणसांनी हातांनी बळ लावून तो प्रक्षेपकावर चढवला. वेळेची ही घाई उगाच नव्हती. प्रयोगात उंचावर सोडियमची वाफ सोडून तिच्या ढगाच्या सरकण्यावरून तिथला वारा मोजायचा होता. सोडियम सूर्यप्रकाशात पिवळसर-नारिंगी उजळतो, पण आकाश उजेडी असेल तर ती चमक दिसत नाही. म्हणजे खाली जमिनीवर अंधार हवा आणि वर अजून ऊन हवे. असा क्षण सूर्यास्तानंतर थोडाच वेळ असतो. संध्याकाळी ६ वाजून २५ मिनिटांनी अग्निबाण सुटला आणि थोड्याच वेळात केरळच्या आकाशात नारिंगी रंगाचा ढग उमटला. दूरदूरच्या ठिकाणांहून त्याची छायाचित्रे घेतली गेली आणि त्यांची सांगड घालून वरच्या वाऱ्याची दिशा व वेग काढण्यात आला.

या काळातले एक छायाचित्र सगळीकडे दिसते. सायकलच्या मागच्या बाजूला अग्निबाणाचे टोक, म्हणजे नोज कोन, ठेवलेले आहे आणि दोन माणसे ती सायकल ढकलत नेत आहेत. ते फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९६६ मध्ये टिपलेले आहे. अनेक ठिकाणी ते पहिल्या प्रक्षेपणाचे म्हणून छापले जाते, ते बरोबर नाही. पण केंद्राचा स्वभाव त्यात अचूक उतरला आहे : जे साधन हाती असेल त्याने काम पुढे न्यायचे.

उसन्या अग्निबाणांवर संशोधन करता येते, पण त्याचे वेळापत्रक देणाऱ्याच्या हाती राहते. साराभाईंना ते मान्य नव्हते. १९६५ मध्ये जवळच्या ‘वेळी’ नावाच्या टेकडीवर अवकाश विज्ञान व तंत्रज्ञान केंद्र सुरू झाले आणि स्वतःचा अग्निबाण करण्याचे काम तिथे हाती घेण्यात आले. आकार मुद्दाम लहान ठरवला. २० नोव्हेंबर १९६७ रोजी उडालेल्या रोहिणी-७५ चा व्यास ७५ मिलिमीटर होता, म्हणजे शेतात पाण्यासाठी अंथरतात त्या तीन इंची पाइपाएवढा. वजन ३२ किलो, म्हणजे धानाच्या अर्ध्या पोत्याहूनही कमी. त्यात कॉर्डाइट हे इंधन होते आणि तो सुमारे १० किलोमीटर उंच गेला. विमाने जवळपास त्या उंचीवरून रोज जातात, म्हणून विज्ञानाच्या दृष्टीने ही उंची काहीच नव्हती. उंची हा हेतूही नव्हता. नळी, इंधन, प्रज्वलक, नोझल आणि पंख, ही पाचही अंगे आपल्या हातची असावीत आणि ती एकत्र चालावीत, एवढेच सिद्ध करायचे होते. लहान अग्निबाण फसला तर नुकसानही लहान होते, आणि पुढच्या खेपेची तयारी लगेच सुरू करता येते. कमी खर्चाचा खरा फायदा पैसे वाचण्यात नाही, पुन्हा पुन्हा करून पाहता येण्यात आहे. रोहिणी-७५ ची पंधरा उड्डाणे झाली, ती यासाठीच. त्याच्या पाठोपाठ १०० आणि १२५ मिलिमीटर व्यासाचे अग्निबाण आले. ९ ऑक्टोबर १९७१ रोजी श्रीहरिकोटा केंद्राचा प्रारंभ झाला तो अशाच एका रोहिणी-१२५ ने. फ्रान्सकडून परवाना घेऊन सेंटॉर जातीचे मोठे अग्निबाणही थुंब्यात बनू लागले. त्यातून मोठ्या नळ्या घडवण्याचा आणि इंधनाच्या मोठ्या ओतकामाचा सराव झाला.

घन इंधनाचा अग्निबाण बाहेरून दिवाळीतल्या बाणासारखा दिसतो. मराठी फौजांत शत्रूवर टाकले जाणारे लढाईचे बाणही याच कुळातले. पण आतले काम फार बारीक आहे. अमोनियम परक्लोरेट हे ऑक्सिजन पुरवणारे मीठ, ॲल्युमिनियमसारखी ज्वलनशील भुकटी आणि या दोन्हींना धरून ठेवणारे चिकट बहुवारिक, यांचे कणकेसारखे घट्ट मिश्रण होते. ते नळीत ओतताना मधोमध एक साचा उभा ठेवतात आणि मिश्रण घट्ट झाल्यावर तो ओढून काढतात. त्याने पडलेल्या पोकळीच्या पृष्ठभागावर इंधन जळते. पोकळी गोल ठेवली तर जळत जाताना ती रुंदावते आणि दाब वाढत जातो. चांदणीच्या आकाराची ठेवली तर तिच्या कंगोऱ्यांमुळे जळणारा पृष्ठभाग शेवटपर्यंत साधारण सारखा राहतो आणि जोरही सारखा मिळतो. मिश्रणात हवेचा एखादा बुडबुडा राहिला, किंवा इंधन नळीच्या भिंतीपासून केसभर सुटले, तर ज्वाला त्या फटीत शिरते, जळणारा पृष्ठभाग एकदम वाढतो आणि नळी फुटते. म्हणून मिश्रण निर्वात जागेत ओतावे लागते, ठरलेल्या उष्णतेत दिवसचे दिवस पक्व होऊ द्यावे लागते, आणि प्रत्येक नळीची क्ष-किरणांनी तपासणी करावी लागते.

या विद्येला भारतात पाय रोवून देणाऱ्यांत वसंत रणछोड गोवारीकर यांचे स्थान वरचे आहे. त्यांचा जन्म २५ मार्च १९३३ रोजी पुण्यात झाला. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठात त्यांनी रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट केली आणि त्या देशात काही वर्षे नोकरी केली. १९६७ मध्ये ते थुंब्याला आले आणि प्रणोदक अभियांत्रिकी विभागाची धुरा त्यांनी उचलली. त्या वेळी घन इंधनाचे तंत्र कुणी विकत देत नव्हते, आणि दिले तरी त्यामागची कारणे सांगत नव्हते. गोवारीकरांच्या गटाने बहुवारिकांच्या रसायनापासून सुरुवात केली. देशात कोणता कच्चा माल मिळतो, त्यातून काय घडवता येईल, याचा शोध घेतला. त्याच काळात एम. आर. कुरूप यांनी पीव्हीसीवर आधारित इंधन विकसित केले. पीव्हीसी म्हणजे ज्याचे पाइप होतात तेच प्लॅस्टिक, बाजारात सहज मिळणारे आणि स्वस्त. रोहिणी-२०० हा केंद्राचा सर्वांत कामाचा अग्निबाण कित्येक वर्षे याच इंधनावर उडाला. मोठ्या अग्निबाणांसाठी पुढे एचटीपीबी हे कृत्रिम रबरासारखे अधिक जोमदार बंधक आले, आणि सप्टेंबर २०२० मध्ये रोहिणी-२०० नेही प्रथमच त्यावर उड्डाण केले.

गोवारीकर १९७९ ते १९८५ या काळात विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालक होते. साराभाईंचे ३० डिसेंबर १९७१ रोजी निधन झाल्यावर थुंब्याच्या परिसरातील संस्था एकत्र करून त्यांना हे नाव देण्यात आले होते. १८ जुलै १९८० रोजी एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाने भारताचा उपग्रह भारताच्या भूमीवरून कक्षेत नेला, तो गोवारीकरांच्या संचालकपदाच्या काळात. एसएलव्हीचे चारही टप्पे घन इंधनाचे होते. तीन इंची नळीपासून सुरू झालेला अभ्यास तेरा वर्षांत तिथे पोचला होता.

तरीही लहान अग्निबाण बंद झाले नाहीत. १९७५ मध्ये त्यांची सारी कामे ‘रोहिणी साउंडिंग रॉकेट कार्यक्रम’ या एका छत्राखाली आणली गेली आणि त्यांची तीन रूपे स्थिर झाली. रोहिणी-२०० सुमारे १० किलोची उपकरणे घेऊन ७० ते ८० किलोमीटरपर्यंत जातो आणि मुख्यतः हवामानासाठी वापरला जातो. रोहिणी-३०० ची सुधारित आवृत्ती ६० किलो वजन १६० किलोमीटरपर्यंत नेते. रोहिणी-५६० ची सुधारित आवृत्ती १०० किलो वजन ४७० किलोमीटरपर्यंत पोचवते, आणि ती श्रीहरिकोट्याहून सुटते.

यातला रोहिणी-२०० सर्वांत साधा, आणि या लेखाच्या विषयाला सर्वांत जवळचा. लांबी साडेतीन मीटर, म्हणजे बारा फुटांच्या आत. दोन टप्पे, दोन्ही घन इंधनाचे. त्यात दिशा बदलणारी यंत्रणा नसते, आणि त्याच्या स्वस्ताईचे मोठे कारण हेच आहे. मार्गदर्शक यंत्रणा काढून टाकली की संगणक, हलणारे भाग आणि त्यांची चाचणी, हे सारे वाचते. मात्र मग सरळ जाण्याची सगळी जबाबदारी पंखांवर आणि सोडण्यापूर्वीच्या हिशेबावर येते. पंखांना किंचित तिरपा कोन दिलेला असतो, त्यामुळे अग्निबाण भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत वर जातो आणि बनावटीतला लहानसा दोष एकाच बाजूला साचत नाही.

वाऱ्याचा हिशेब त्याहून नाजूक. पंख असलेले रॉकेट सुटताच ज्या बाजूने वारा येतो तिकडे तोंड वळवते. म्हणून प्रक्षेपणाआधी फुगे सोडून निरनिराळ्या उंचींवरचा वारा मोजतात आणि त्यानुसार प्रक्षेपकाचा कल आणि दिशा बदलतात. खळ्यावर धान उफणणारा शेतकरी आधी वारा पाहतो आणि मग सूप धरतो, तसेच हे. वारा मर्यादेबाहेर गेला तर उड्डाण थांबते. समुद्रात होड्या नाहीत याची खात्री केली जाते, भोंगा वाजतो, माणसे आडोशाला जातात आणि उलटमोजणी संपते. इंधन काही सेकंदांतच जळून जाते. पुढचा सारा प्रवास मिळालेल्या वेगावर, भिरकावलेल्या दगडासारखा होतो. सुमारे दोन मिनिटांत शिखर येते. तिथे अग्निबाण तांब्याच्या अगदी बारीक तंतूंचा पुंजका सोडतो. हे तंतू वाऱ्याबरोबर वाहत संथपणे खाली येतात आणि जमिनीवरचे रडार त्यांचा पाठलाग करते. त्यांच्या सरकण्यावरून साधारण २० ते ६० किलोमीटर उंचीमधला वारा थराथराने समजतो. १९६३ मधल्या सोडियमच्या ढगाचेच हे स्वस्त, रोजच्या वापराचे रूप. त्याला संध्याकाळची वाट पाहावी लागत नाही.

रिकामी नळी समुद्रात पडते. केंद्रासाठी ही किनाऱ्यावरची जागा निवडण्याचे हे दुसरे कारण. चंद्रपूर जिल्ह्याने अग्निबाणाचे अवशेष वेगळ्या रीतीने पाहिले आहेत. २ एप्रिल २०२२ च्या रात्री विदर्भाच्या आकाशातून जळते तुकडे सरकत गेले आणि सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. त्याच परिसरात धातूचा गोलही सापडला. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. ते अवशेष लाँग मार्च ३बी या चिनी प्रक्षेपकाच्या टप्प्याचे असावेत, असा तज्ज्ञांचा निष्कर्ष होता. उपग्रह नेणाऱ्या मोठ्या अग्निबाणाचा वरचा टप्पा स्वतःही कक्षेत जातो, महिनोन्‌महिने फिरत राहतो आणि कुठे कोसळेल हे शेवटच्या तासांपर्यंत नक्की सांगता येत नाही. साउंडिंग रॉकेट कक्षेत जातच नाही. ते काही मिनिटांत, आधी मोकळ्या केलेल्या समुद्रात उतरते. आकाशातून पडणाऱ्या प्रत्येक लोखंडाकडे एकाच भीतीने पाहण्याचे कारण नाही, हे लाडबोरीच्या अनुभवानंतर लोकांना नीट सांगायला हवे.

संस्थेच्या कामाचे सर्वांत चिवट अंग म्हणजे बुधवार. सोव्हिएत संघाशी झालेल्या करारानुसार १९७० च्या सुमारास थुंब्याहून दर बुधवारी एम-१०० हे हवामानाचे रॉकेट सोडले जाऊ लागले. वरच्या हवेचे तापमान आणि वारा आठवड्यामागून आठवडा नोंदला गेला. १९९० च्या दशकात ती रॉकेटे येणे थांबले, आणि वरच्या वाऱ्याचे मोजमाप रोहिणी-२०० च्या बळावर चालू राहिले. पहिल्या प्रक्षेपणाच्या कथा सांगितल्या जातात, बुधवारच्या सांगितल्या जात नाहीत. पण विज्ञानाला खरा उपयोग या नियमितपणाचा होतो. विषुववृत्तावरचा वीस-तीस किलोमीटर उंचीचा वारा सुमारे अठ्ठावीस महिन्यांच्या चक्राने दिशा बदलतो. एखाद-दुसऱ्या उड्डाणात असे चक्र दिसत नाही. ते दिसायला वर्षानुवर्षांची न चुकलेली वही लागते.

शोधांची यादी मोठी आहे. अग्निबाणातून चुंबकमापक पाठवून विषुववृत्तीय विद्युत्झोताची उंची व जाडी थेट मोजली गेली आणि केंद्राच्या जन्माचे मूळ कारण सार्थकी लागले. शास्त्रज्ञ यू. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाअखेरीस इथून क्ष-किरण देणाऱ्या ताऱ्यांचा वेध घेतला. हे किरण हवेत शोषले जात असल्याने जमिनीवरून ते दिसूच शकत नाहीत. १९७९ च्या आंतरराष्ट्रीय मान्सून प्रयोगात रोहिणी-२०० ची अनेक उड्डाणे झाली, त्यासाठी ओडिशातील बालासोरचे केंद्रही वापरले गेले. १५ जानेवारी २०१० च्या कंकणाकृती सूर्यग्रहणात तिरुवनंतपुरमवर कंकण सात मिनिटांहून अधिक काळ टिकले. भरदुपारी सूर्य झाकला की वरच्या हवेचे विद्युत्भारित थर कसे बदलतात, हे पाहण्यासाठी थुंबा आणि श्रीहरिकोटा इथून अग्निबाणांची मालिकाच सोडण्यात आली. ग्रहण थांबत नाही आणि उपग्रह त्या क्षणी नेमका त्या उंचीवर असेलच असे नाही. ठरल्या मिनिटाला ठरल्या थरात जाणे लहान अग्निबाणालाच जमते.

इथे घडलेली माणसे दूरवर गेली. चिटणीस अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे संचालक झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे खेडोपाडी दूरदर्शन पोचवण्याच्या ‘साइट’ प्रयोगाची धुरा त्यांच्याकडे होती. काळे यांनी पुढे त्याच केंद्राचे आणि नंतर १९९४ मध्ये विक्रम साराभाई अवकाश केंद्राचे संचालकपद सांभाळले. गोवारीकर दिल्लीत विज्ञान व तंत्रज्ञान खात्याचे सचिव झाले, आणि १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने तयार झालेले सोळा घटकांचे मान्सून अंदाजाचे प्रारूप हवामान खात्याने वापरायला घेतले. वर्धा आणि वैनगंगा या नद्यांमधल्या गोंडपिपरी तालुक्यात रोवणी कधी करायची, कपाशीला पाणी मिळेल का, हे आजही पावसावर ठरते. अग्निबाणाचे इंधन घडवणाऱ्या माणसाने उतारवयाकडे झुकताना पावसाचा अंदाज हाती घ्यावा, यात विसंगती नाही. दोन्हींत प्रश्न हवेचाच होता. गोवारीकरांचे २ जानेवारी २०१५ रोजी पुण्यात निधन झाले.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी थुंब्याहून रोहिणी-२०० चे सलग दोनशेवे यशस्वी उड्डाण झाले. माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद त्या वेळी उपस्थित होते. तोवर या जातीचे १६०० हून अधिक अग्निबाण सोडले गेले होते. एकाही अपयशाशिवाय ओळीने दोनशे उड्डाणे, तीही मार्गदर्शक यंत्रणा नसलेल्या अग्निबाणाची. या संस्थेच्या हातोटीला याहून मोठे प्रमाणपत्र नाही.

सेंट मेरी मॅग्डलीनचे चर्च अजून जागेवर आहे. तिथे आता अवकाश संग्रहालय आहे, आणि रोहिणी-७५ पासूनचे अग्निबाण जवळून पाहता येतात. बल्लारशाहहून केरळ एक्स्प्रेस थेट तिरुवनंतपुरमला जाते. गोंडपिपरी, राजुरा, चामोर्शीच्या शाळांनी दक्षिणेची सहल आखताना कन्याकुमारीच्या आधी एक दिवस थुंब्यासाठी राखून ठेवावा.